तिसऱ्या फोडीतला बिल्ला

१

काचेची पेटी जागच्या जागी होती. आतली निळी मखमल होती. मखमलीवर जो हाडाचा बिल्ला असायला पाहिजे तो नव्हता.

"बाबा," माझी पोरगी उपासना म्हणाली.

शनिवार होता, एप्रिल दोन हजार चार. दुपारचे चार वाजले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीच्या जवळ एक छोटं म्युझियम आहे, जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत. उपासना तिथं नोकरीला. त्या दिवशी तिच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, रोमन लोकांच्या अँफिथिएटरचं. म्हणजे ते लांबट गोल मोठं मैदान, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, खाली रेतीत झुंजी आणि वर हजारो माणसं बसलेली. उद्घाटनाचा खेळ संपून लोक दाराकडं चालले होते, तेवढ्यात पेटी रिकामी दिसली.

दारं बंद झाली. पोलीस आले. पाहुण्यांच्या पर्सा बघितल्या, खिसे बघितले, आमचेही बघितले. बिल्ला नाही मिळाला.

तो बिल्ला म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं तिकीट. रुपयाएवढा, हाडाचा, वर आकडे कोरलेले. तिसरी फोड, म्हणजे पायऱ्यांचा तिसरा भाग, चौथी रांग, नववी जागा. नरेंद्र उपळेकर म्हणून आपले एक मराठी गृहस्थ तीस वर्षांपासून इथं राहतात, त्यांनी तो विकत घेतला होता आणि प्रदर्शनाला उसना दिला होता.

म्युझियमच्या मुख्य बाई मिसेस हॅलोरन. उंच, पांढऱ्या केसांच्या. एरवी मला बघितलं की हसायच्या. आता हसत नव्हत्या.

"पेटीला चार स्क्रू आहेत," त्या म्हणाल्या. इंग्रजीतलं हे सगळं मला उपासनेनं नंतर सांगितलं. "ते साध्या पान्यानं निघत नाहीत. त्याचा खास पाना कोणाकडं असतो?"

"वर्करूममध्ये, खिळ्याला टांगलेला असतो," उपासना म्हणाली. "पण जबाबदारी माझी."

"कोणी काही बघितलं?"

सगळे गप्प. आणि मग विक्रम बोलला. हा पोरगा पुण्याचा. इथल्या कॉलेजात रोमन इतिहासावर पीएचडी करायचा आणि म्युझियमच्या वस्तूंची नोंद ठेवायचा. माझ्या पोरीच्या हातची पिठलं-भाकरी खाल्लेला पोरगा.

तो खाली बघत म्हणाला, "मी वरून बघितलं. माझ्या सीटवरून. लाइट गेले होते तेव्हा उपासना पेटीपाशी होती. तिनं झाकण उचललं, हात आत घातला. मला वाटलं, काहीतरी नीट करतेय."

उपासनेचं तोंड असं झालं जसं कोणी थोबाडीत मारली.

हॅलोरन बाई म्हणाल्या, "सोमवारी अकराला बोर्डाची मीटिंग आहे. तुझं पर्मनंट करायचं लेटर त्याच मीटिंगला सही होणार होतं, उपासना. आता तिथं वेगळाच विषय असेल."

ज्यांचं कोणी अमेरिकेत आहे त्यांना सांगायला नको. तिचा व्हिसा नोकरीला बांधलेला. चोर म्हणून नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा, आणि पुन्हा कुठल्या म्युझियमनं दारात उभं करायचं नाही. एकोणतीस वर्षांची पोर. सहा वर्षांची मेहनत. हातात दोन दिवसही नाहीत.

२

मी ईश्वर खोब्रागडे. नागपूरचा. शाळा चौथीपर्यंत. पुढं एकतीस वर्षं सर्कशीत होतो. वाघसिंहांपाशी नाही, बाप्पा. मी गॅलरी बांधायचो. लोक बसतात त्या फळ्या, बांबू, दोर, तंबूचं पाल. गावोगाव जायचं, दोन दिवसांत तीन हजार माणसांची बसायची सोय करायची, महिन्यानं उपटायची.

पोरीकडं सहा महिन्यांसाठी आलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात तिनं टेबलावर नकाशे पसरले.

"बाबा, हे बघा. रोमचं कोलोसियम. पन्नास हजार माणसं बसायची."

"खोटं."

"खरं. खाली ऐंशी कमानी. त्यातल्या शहात्तर कमानींवर नंबर कोरलेले. तुमच्या बिल्ल्यावर जो नंबर, त्या कमानीनं आत जायचं, त्याच जिन्यानं वर जायचं. कोणी कोणाच्या आडवं येत नाही."

मी चष्मा लावला आणि तो नकाशा बघत बसलो. जेवण गार झालं. तुम्हाला सांगतो, आमच्या सर्कशीत एकदा खेळ चालू असताना धूर निघाला. दारं दोन. तीन हजार माणसं बाहेर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांत मी म्हातारा झालो. आणि या लोकांनी काय केलं होतं? पायऱ्यांच्या पोटातच रस्ते नेले होते. ठराविक अंतरावर पायऱ्यांच्या मधे एक तोंड उघडतं, त्यातून माणसं आत ओततात आणि त्यातूनच बाहेर. वजन कमानीवर, कमानीचं वजन खालच्या कमानीवर. मैदान गोल नाही, अंड्यासारखं लांबट. वर कापडाचं छत, आणि ते ओढायला दर्यावर्दी माणसं ठेवलेली, कारण दोर आणि वारा त्यांनाच कळतो. ज्यानं कोणी हे डोक्यातून काढलं तो भेटला असता तर मी त्याला जयभीम घालून म्हटलं असतं, गुरुजी, माझं नाव तुमच्या चेल्यांत लिहा.

एक गोष्ट मात्र पटली नाही. पुढं बसायचे मोठे लोक. गरीब, गुलाम आणि बाया सगळ्यात वर, उन्हात.

"म्हणून मी चिठ्ठ्या टाकणार आहे," उपासना म्हणाली. "ज्याला जी जागा निघेल ती. डीन असो का सफाईवाला."

तिचा बेत असा होता: इटलीतल्या एका छोट्या गावाच्या अँफिथिएटरची एक फोड, टरबुजाची कापतात तशी, खऱ्या मापाची लाकडात उभी करायची. लोकांना बिल्ले द्यायचे, त्यांनी आपली कमान शोधायची, आपली जागा शोधायची. उपळेकरांचा बिल्ला त्याच गावचा, तिसऱ्या फोडीचा. म्हणून तिसरीच फोड.

बांधायला म्युझियमचा सुतार टोनी आणि मी. मला पगार नाही, हौस. टोनीचा आजा इटलीहून आलेला. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण लाकूड दोघांनाही येतं. दहा रांगा झाल्या, एकशे बहात्तर जागा. खाली पाच फुटांची भिंत, वर कठडा, भिंतीखाली रेती. भिंतीला कोपऱ्यात एक बुटकं दार, पायऱ्यांच्या पोटातून रेतीवर उघडणारं, झुंजणाऱ्यांना आत सोडायचं तसं. त्या दाराच्या बाजूला, भिंतीला चिकटून, ही पेटी.

मग उद्घाटनाच्या दहा दिवस आधी इटलीहून पत्र आलं. तिथं नव्यानं खोदकाम झालं होतं. विक्रमला ती भाषा यायची, त्यानं भाषांतर केलं. जुन्या पुस्तकातल्या नकाशात चूक निघाली: वर यायच्या रस्त्याचं तोंड शेजारच्या फोडीत दाखवलं होतं, ते खरं तर तिसऱ्याच फोडीच्या मधोमध होतं. मी आणि टोनीनं करवत घेतली. तीन रांगांतल्या चार-चार जागा कापल्या आणि तिथं तोंड उघडलं. राहिल्या एकशे साठ. कापलेल्या जागांचे मातीचे बिल्ले उपासनेनं आधीच भाजून रंगवले होते, ते बारा मी बाजूला काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवले. ती तेव्हा भाषण पाठ करत होती, तिला श्वास घ्यायला वेळ नव्हता.

आता शनिवारी संध्याकाळी, मोकळ्या हॉलमध्ये, मी त्याच फोडीपुढं उभा होतो आणि विचार करत होतो, की चोर कुठून आला.

३

पहिल्यांदा टोनीकडं गेलो. तो पायऱ्यांखाली आपल्या डब्यांपाशी बसला होता. उपासनेला दुभाषी म्हणून संगं घेतलं.

"मी चोरी केली म्हणतात काय?" तो आधीच तापलेला.

"कोणी म्हणत नाही, बाबा. मला एवढंच सांग, खेळ चालू असताना तू कुठं होतास?"

"तुझ्या समोर! उजवा दोर माझ्या हातात, डावा तुझ्या. सोडला असता तर छत लोकांच्या डोक्यावर आलं असतं."

खरं होतं. लाइट घालवायचे, ते काम उपासनेकडं, मागं बटणांपाशी एकटी; एकच मोठा दिवा सूर्यासारखा ठेवायचा, आणि दोर ओढत कापडी छत हळूहळू सरकवायचं. चार मिनिटं. सावली एकेक रांग चढत गेली आणि एकशे साठ माणसांनी मान वर करून 'ओऽऽ' केलं. त्या चार मिनिटांत खाली कोणी बघत नव्हतं. मीही नाही. एकतीस वर्षांत इतकं सुरेख पाल मी ओढलं नव्हतं.

"चार मिनिटांत ते स्क्रू निघतील?"

टोनी हसला. "ते? एकेकाला दोन मिनिटं. मीच बसवलेत."

"मग सकाळीच ढिले केले असतील. नंतर नुसतं झाकण उचलायचं. आज सकाळी आत कोण होतं?"

"तू, मी, ही, आणि विक्रम. अजून एक सांगतो. माझा विटकरी रंगाचा डबा कोणीतरी उघडा ठेवलाय. मी डबा कधी उघडा ठेवत नाही. माझ्या बापानं मारलं असतं."

मी डबा बघितला. काठावर रंग ओला होता.

उपळेकर बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. रागानं लाल.

"ईश्वरराव, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमच्या मुलीनं माझ्या विश्वासाचं काय केलं?"

"तेच शोधतोय, साहेब. बिल्ला तुम्ही शेवटचा कधी बघितला?"

"घंटा होईपर्यंत मी पेटीपाशीच होतो. लोकांना दाखवत होतो. घंटा झाली, मग चिठ्ठीत निघालेल्या जागेवर गेलो. आठव्या रांगेत. या गुडघ्यांनी!"

"म्हणजे खेळ सुरू होईपर्यंत बिल्ला होता."

"होता म्हणजे? हातभर अंतरावर होता. आणि सोमवारी बॉस्टनहून रोमन वस्तूंच्या तज्ज्ञ, त्या डॉक्टर बाई खास तो तपासायला येणार होत्या, कॅटलॉगमध्ये घ्यायला. आयुष्यात एक चीज अशी घेतली की माझ्या नावानं पुस्तकात छापली जाईल. मला काय कळतं यातलं? विक्रमनं छातीठोक सांगितलं, काका घ्या, अस्सल आहे. त्याच्या थिसिसचा एक पूर्ण चॅप्टर या बिल्ल्यावर आहे, माहितेय?"

मला माहीत नव्हतं. मी मान हलवली आणि आत आलो.

४

विक्रम त्याच्या खोलीत होता. टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका. आत पाहुण्यांनी जाताना टोपलीत टाकलेले मातीचे बिल्ले.

"विक्रम, बेटा, तू कुठं बसला होतास?"

"दहाव्या रांगेत, काका. कडेला. चिठ्ठीच तशी निघाली." तो हसायचा प्रयत्न करत होता. "रोममध्ये गुलाम बसायचे तिथं."

"आणि तिथून तुला उपासनेचा हात दिसला."

"मला बोलायचं नव्हतं. बाईंनी विचारलं म्हणून..."

"बसून दिसला का उभं राहून?"

"काय फरक पडतो? बसून. मग उभा राहिलो. दिसला." त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले. "काका, मला खरंच वाईट वाटतंय."

"ते दिसतंय. हा खोका मी नेतो."

"कशाला?" तो पटकन बोलला. "मी सोमवारी मोजणारच आहे."

"आमच्याकडं खेळ संपला की तिकिटं जागेवर मांडायची रीत आहे. कोणती फळी भरली, कोणती रिकामी राहिली, कुठली कुरकुरते, सगळं कळतं. हाताला सवय. दुसरं काही काम नाही मला आज."

"अहो पण पोलिसांनी..."

मागून हॅलोरन बाईंचा आवाज आला. काय चाललंय ते उपासनेनं सांगितलं. बाईंनी खांदे उडवले, म्हणाल्या, नेऊ दे त्यांना, काय बिघडतंय. विक्रमनं खोका दिला. खोका सोडायला त्याच्या बोटांनी जरा जास्तच वेळ घेतला.

मी मांडायला बसलो. खालून पहिली रांग, एक, दोन, तीन. उपासना माझ्या मागं पायरीवर बसून होती, गुडघ्यात डोकं घालून.

"बाबा, ह्यानं काय होणार?"

"काही नाही होणार. तू बस."

तिसरी रांग झाली. चौथी रांग एक ते सात, मग मधलं तोंड, मग पुढं बारापासून. सहावी. नववी. दहावी रांगही पूर्ण झाली. सगळ्या जागा भरल्या. एकशे साठच्या एकशे साठ, एकही रिकामी नाही.

आणि माझ्या हातात अजून एक बिल्ला होता.

विटकरी, बाकीच्यांसारखाच. मी आकडे बघितले. चौथी रांग, नववी जागा. मी वर बघितलं. चौथ्या रांगेत नववी जागाच नाही. तिथं हवा आहे. तिथं मी स्वतः करवत चालवली होती.

"उपासना, तू रंगवलेल्यांतला असेल. त्या बारातला."

ती धावत जाऊन बिस्किटाचा डबा घेऊन आली. आम्ही ओतून मोजले. बाराच्या बारा आत होते. चौथी रांग, नववी जागा, मातीचा, तोही होता.

मग हा तेरावा कोण?

मी तो हातावर तोलला. माती जड असते. हा हलका. अंगठा घासला तर अंगठा लाल झाला. मी नखानं काठ खरवडला. रंगाचा पोपडा निघाला आणि खालून पिवळट हाड दिसलं.

५

उपासना माझा दंड धरून उभी होती.

"बाबा... हा तर तोच. इथंच होता?"

"ज्यानं घेतला त्याला माहीत होतं की दारावर झडती होऊ शकते. म्हणून टोनीच्या डब्यात बुडवला, फुंकला आणि सगळ्यांसारखा टोपलीत टाकला. खोका कोणाच्या खोलीत जातो? सोमवारी सकाळी आरामात काढून घेतला असता. इतक्या बिल्ल्यांत एकेक जागेवर कोण मांडत बसतं?"

"पण का? विकणार होता?"

"विकणारा हाडाला रंग लावत नाही. तू वर बघ. ही जागा कुठं आहे?"

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाहीये. ही जागा कधी नव्हतीच. बाबा, जुन्या पुस्तकात होती. म्हणजे ज्यानं हा बिल्ला बनवला त्यानं ते पुस्तक बघून बनवला. हा रोमन नाहीच. नकली आहे." तिनं तोंडावर हात ठेवला. "आणि इटलीचं पत्र त्यानंच वाचलं. त्याला दहा दिवसांपासून माहीत होतं. सोमवारी त्या डॉक्टर बाई फोडीपुढं बिल्ला धरून उभ्या राहिल्या असत्या तर एका मिनिटात..."

"त्याचा चॅप्टर गेला. उपळेकरांपुढं तोंड गेलं."

"पण हे सगळं मी केलं असं तो म्हणेल. पाना माझ्या ताब्यात. रंगही मला माहीत. डबाही मला माहीत."

ते खरं होतं. म्हणून मी रविवारी दहा वाजता सगळ्यांना बोलवायला लावलं. हॅलोरन बाई, उपळेकर, टोनी, विक्रम. बिल्ल्याचं कोणाला सांगितलं नाही.

"बाई," मी उपासनेच्या तोंडून म्हटलं, "तुम्ही दहाव्या रांगेत, कडेला बसा. विक्रम बसला होता तिथं."

बाई चढल्या. बसल्या.

मी भिंतीखालच्या पेटीवर एक वस्तू ठेवली, उपासना पेटीपाशी उभी राहिली. "काय ठेवलं सांगा."

त्या वाकल्या. मान लांब केली. "मला पेटीच दिसत नाही."

"उभ्या राहा."

त्या उभ्या राहिल्या. सहा फूट बाई. "नाही. कठडा मधे येतो. तुमच्या मुलीचं डोकं दिसतंय, बस."

"टोनी, तू जा." टोनी चढला, टाचा उंचावल्या, खाली बघून हात हलवले. नाही. उपळेकर गुडघे धरत चढले. त्यांनाही नाही.

"आमच्या गॅलरीत पहिल्याच दिवशी शिकवतात," मी म्हटलं. "ज्या बाजूला बसलाय त्याच बाजूच्या कठड्याखालचं कधी दिसत नाही. म्हणून मुकादम नेहमी समोरच्या बाजूला उभा राहतो. रोमचे लोक शहाणे होते, त्यांनी पायऱ्या खड्या केल्या, मधली रेती सगळ्यांना दिसावी म्हणून. पण भिंतीला चिकटलेली हातभर जागा देवालाही दाखवता येत नाही. वरून या पोरीचे केस दिसले असते. हात दिसला नसता. विक्रम, बेटा, आता तू जा आणि सांग, पेटीवर काय आहे?"

विक्रम हलला नाही.

"तू वर नव्हतास," मी म्हटलं. "लाइट गेले, सगळ्यांच्या माना वर गेल्या, तू मधल्या तोंडातून आत उतरलास, पायऱ्यांच्या पोटातून बुटक्या दारापाशी आलास. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तो रस्ता इतका सरळ काढला की तुला एक मिनिटही लागलं नाही. स्क्रू सकाळीच ढिले केले होतेस."

"काका, तुमच्याकडं पुरावा काय आहे?" त्याचा आवाज चिरकला.

मी खिशातून बिल्ला काढला. एक काठ खरवडलेला.

उपळेकरांनी तो घेतला. उलटापालटा केला. "हा माझा आहे. याला रंग कोणी...?"

"विक्रमला विचारा, साहेब. आणि ही जागा फोडीत कुठं आहे तेही त्यालाच विचारा."

विक्रम रेतीवर खाली बसला. मग पुण्याच्या त्या स्वच्छ मराठीत बोलला, पण लहान पोरासारखा.

"तो नकली आहे हे मलाही पत्र आल्यावरच कळलं. मला फक्त सोमवार टाळायचा होता. बिल्ला हरवला की प्रश्न संपला, असं वाटलं. तिचं नाव घ्यायचं मनात नव्हतं. बाईंनी विचारलं, सगळे गप्प होते, आता सगळे माझ्याकडं बघतील असं वाटलं... आणि तोंडातून गेलं. मे महिन्यात थिसिसचा डिफेन्स आहे, शेवटची परीक्षा, काका. सात वर्षं झाली."

"माझी सहा झाली," उपासना म्हणाली. "तुला माहीत होतं माझं लेटर कधी आहे. पार्टी तूच मागितली होतीस."

हे सगळं मराठीत झालं. हॅलोरन बाईंना फक्त चेहरे कळले. त्या विचारत होत्या, काय म्हणाला तो? मला वाटलं आता उपासना भडाभडा सांगेल. तिनं विक्रमकडं बघितलं आणि इंग्रजीत एकच वाक्य बोलली. मला नंतर समजलं ते. ती म्हणाली, "तोच सांगेल. उद्या, बोर्डासमोर."

६

सोमवारी अकराला पाच कमी होते आणि विक्रमचा पत्ता नव्हता.

बोर्डाचे सहा लोक मोठ्या टेबलाभोवती बसले होते. बॉस्टनच्या डॉक्टर बाई होत्या, ठेंगण्या, गळ्यात भिंग लटकवलेलं. मी मागं भिंतीपाशी. पोरीच्या कानात म्हटलं, "तू बोलून टाक. काहून थांबतेस?"

"मी बोलले तर माझं म्हणणं आणि त्याचं म्हणणं, असं होईल. आयुष्यभर कोणीतरी म्हणेल, काय माहीत बाबा, खरं काय होतं."

अकरा वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं. विक्रम. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बसला नाही. उभ्यानं सगळं बोलला, पाना, रंग, बुटकं दार, आणि उपासनेबद्दल बोलला ते खोटं होतं, हे दोनदा बोलला. उपासना मला हळू आवाजात मराठीत सांगत होती, आणि शेवटी शेवटी मला सांगायची गरजच राहिली नाही.

डॉक्टर बाईंनी बिल्ला भिंगाखाली धरला. मग म्हणाल्या, मला ती फोड बघायची आहे. सगळा बोर्ड उठून हॉलमध्ये आला. त्या चढल्या, चौथ्या रांगेत गेल्या, बिल्ल्यावरचा आकडा बघितला आणि मोकळ्या तोंडापुढं उभ्या राहून जोरात हसल्या. मग तिथंच पायरीवर बसल्या. किती वेळ बसल्या कोण जाणे. कठड्यावरून हात फिरवला, तोंडातून आत वाकून बघितलं.

"मी चाळीस वर्षं अशा जागांचे नुसते अवशेष बघतेय," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा अशा जागेत बसले."

उपळेकर तिथंच होते. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. पण माणूस मोठा. म्हणाले, "नकली तर नकली. नकली म्हणून मांडा. कसा पकडला ते लिहा. माझं नाव खाली टाकलं तरी चालेल."

हॅलोरन बाईंनी फाइलमधून लेटर काढलं, रेलिंगवर ठेवून सही केली आणि उपासनेच्या हातात दिलं. बोर्डाच्या बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. विक्रमला त्यांनी सांगितलं, म्युझियममधलं काम आजपासून बंद, आणि कॉलेजला मी आजच कळवणार, पुढचं तुझे प्रोफेसर ठरवतील. तो मान हलवून बाहेर पडला.

उपासना त्याच्या मागं गेली. मीही गेलो, लांबून. म्हटलं, पोरीचा हात उचलला तर धरायला कोणी पाहिजे.

पार्किंगमध्ये तिनं त्याला गाठलं.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "ते लवकर होणार नाही."

"हो."

"चॅप्टर नव्यानं लिही. नकली बिल्ले कसे बनतात, जुन्या पुस्तकातल्या चुका त्यांच्यात कशा येतात, ते लिही. हे तुझ्याएवढं कोणाला माहीत नाही आता."

"कोण वाचणार माझं?"

"मी वाचीन. आणि एकेक ओळीत चुका काढीन."

तो मान वळवून गाडीत बसला आणि गेला.

उपासना तिथंच उभी राहिली, लेटर छातीशी धरून. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, शनिवारपासून राहिलेलं सगळं.

रस्त्याच्या वळणावरून शाळेच्या दोन पिवळ्या बसगाड्या आत शिरल्या. खिडक्यांतून पोरं हात काढत होती.

उपासनेनं बाहीनं डोळे पुसले. "बाबा, ह्या एक वाजता येणार होत्या. नव्वद मुलं आहेत. तुम्ही डावा दोर घ्या, मी दारावर उभी राहते."

आणि ती धावतच गेली.